ग्रुपवर येणारे कोर्टाचे निकाल आणि आपल्या घरातली प्रकरणं

कळव्याच्या एका ताईंनी विचारलंय ते थोडक्यात असं: "सर, सोसायटीच्या ग्रुपवर रोज एक तरी 'सुप्रीम कोर्टाचा ऐतिहासिक निकाल' येऊन पडतो. मुलाला दिलेलं घर आईवडील परत घेऊ शकतात, मुलींना वडिलांच्या इस्टेटीत हक्क नाही, ओसी (बिल्डिंग वापरायला दिल्याचा महापालिकेचा दाखला) नसेल तर लाईट-पाणी बंद, लेखी कारण दिल्याशिवाय पोलिसांना अटक करता येत नाही, चेक बाउन्स हा आता गुन्हाच नाही. यातलं खरं किती? आमच्याकडे बाबांनी फ्लॅट भावाला गिफ्ट केलाय आणि आता तो त्यांना बघत नाही. आईच्या माहेरचं घणसोलीचं साडेबारा टक्क्यांचं प्रकरण आहे, मामा म्हणतात लग्न झालेल्या मुलींना काही मिळत नाही. आणि हो, मिस्टरांना एकाने ३ लाखांचा चेक दिला होता तो परत आलाय, तीन आठवडे झाले, तो माणूस म्हणतो आता क्रिमिनल केस होतच नाही, काय करायचं ते कर."

ताई, तुम्ही सगळ्यात शेवटी "आणि हो" करून जे लिहिलंय ना ते मी सगळ्यात आधी घेतो, कारण बाकीचं पुढच्या महिन्यात वाचलंत तरी चालेल, हे नाही चालणार.

चेक परत आल्याचा मेमो बँकेकडून ज्या दिवशी हातात पडला त्या दिवसापासून ३० दिवसांत लेखी नोटीस जावी लागते. तीन आठवडे गेले म्हणजे तुमच्याकडे जेमतेम आठ-नऊ दिवस आहेत. नोटीस त्याला मिळाली की पैसे द्यायला त्याला १५ दिवस, आणि ते १५ दिवस संपले की पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. त्या महिन्याला उशीर झाला तर कोर्ट सबळ कारण बघून माफ करू शकतं, पण नोटीसच्या ३० दिवसांना माफी नाही, ते गेले की १३८ ची, म्हणजे चेक बाउन्सच्या कलमाची, केस गेली, मग बसा दिवाणी दाव्यात चपला झिजवत. (चेकला अजून तीन महिने झाले नसतील तर परत बँकेत टाकता येतो आणि नव्या मेमोपासून नवे दिवस मोजता येतात, पण त्या भरवशावर राहू नका.)

आणि त्या माणसाला कोणी सांगितलं माहीत नाही, पण १३८ हा आजही गुन्हाच आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०२० साली लॉकडाऊनमध्ये केंद्र सरकारने हे कलम फौजदारीतून काढायचा प्रस्ताव लोकांपुढे ठेवला होता, कायदा काही झाला नाही. ती बातमी अजून ग्रुपवर फिरतेय, पाच वर्षं झाली.

नोटीस लिहिताना एकच गोष्ट डोळ्यात तेल घालून बघायची ती म्हणजे रक्कम. सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे जी केस होती त्यात चेक होता १ कोटीचा आणि नोटीसमध्ये मागितले २ कोटी. तक्रारदार म्हणाला टायपिंगची चूक आहे हो. कोर्ट म्हणालं, चूक असो वा काही असो, नोटीसमध्ये मागायची रक्कम चेकची रक्कमच हवी, नाहीतर नोटीस बाद आणि नोटीस बाद तर केस बाद. म्हणजे १ कोटीचा चेक, खरा व्यवहार, आणि एका आकड्यापायी केस गेली. व्याज, वकील फी, मनस्ताप वगैरे मागायचंच असेल तर वेगळ्या ओळीत वेगळं मागा, पण चेकची रक्कम ३ लाख म्हणजे ३ लाखच, स्पष्ट. मी ज्युनिअर असताना एका नोटीसमध्ये चेकचा नंबर चुकवला होता आणि सिनिअरने मला सगळ्या ऑफिससमोर ती नोटीस तीन वेळा मोठ्याने वाचायला लावली होती, तेव्हापासून मी नोटीस आणि चेक शेजारी ठेवून बोट लावून वाचतो, केस पांढरे झाले तरी.

याच सप्टेंबर २०२५ मधला दुसरा निकाल मात्र तुमच्या बाजूचा आहे. गोव्यातून आलेली केस, मित्राला हातउसने दिलेले पैसे. आरोपीचं म्हणणं काय तर याची एवढी ऐपतच नव्हती आणि वर रोख दिले म्हणतोय, २० हजारांच्या वर रोखीने कर्ज देणं इन्कम टॅक्सच्या कायद्यात बसत नाही. केरळ हायकोर्टाने असा युक्तिवाद आधी मान्य केलेला. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की रोखीने दिल्याबद्दल टॅक्सवाले दंड करतील तो करतील, पण त्यामुळे देणं बुडत नाही आणि चेकवर सही आहे म्हटल्यावर देणं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी आधी आरोपीवर. आपल्याकडे निम्मे हातउसने रोखीतच असतात, त्यामुळे हा निकाल महत्त्वाचा. त्यातच कोर्टाने या केसेस लवकर निघाव्यात म्हणून बऱ्याच सूचना दिल्यात, तक्रारदार स्वतः समन्स नेऊन देऊ शकतो, ईमेल-मेसेजने पण समन्स जाऊ शकतं, समन्समध्येच पैसे भरायची ऑनलाइन सोय द्या वगैरे. आणि तडजोडीचा खर्च कमी केला. आरोपीच्या बाजूचा पुरावा सुरू व्हायच्या आधी पैसे भरले तर वर काही नाही, त्यानंतर पण निकालाआधी भरले तर ५ टक्के, सेशन्स किंवा हायकोर्टात ७.५, सुप्रीम कोर्टात १० टक्के. आधी हेच १०, १५, २० होतं. म्हणजे त्या माणसाला समजावताना हे सांगा, लवकर मिटवलं तर त्याचंही भलं.

केस तुमच्या मिस्टरांचं खातं ज्या ब्रँचमध्ये आहे तिथल्या कोर्टात, म्हणजे कळव्याची ब्रँच असेल तर ठाणे कोर्ट. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने हेच उलटं केलं होतं, चेक देणाऱ्याची बँक जिथे तिथे जा म्हणून, तेव्हा आमच्या फायली घेऊन लोक कुठे कुठे फिरले ते विचारू नका, शेवटी २०१५ मध्ये कायदाच बदलला.

आता ग्रुपवरच्या निकालांकडे येऊ.

वीसेक वर्षं ठाणे आणि बेलापूरला प्रॅक्टिस करतोय आणि माझं एकच रडगाणं आहे, बातमीत निकालाची शेवटची ओळ येते, त्याआधीची पानं येत नाहीत. आणि तुमचं प्रकरण असतं ते त्या आधीच्या पानांत. कुठल्या तारखेचा व्यवहार, कुठला कागद, कोण कधी वारलं. भटक्या कुत्र्यांचंच घ्या. ११ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाने दिल्ली आणि आसपासची सगळी कुत्री उचलून शेल्टरमध्ये टाका म्हटलं, आणि २२ ऑगस्टला तीन न्यायाधीशांच्या बेंचने ते बदललं, नसबंदी आणि लस देऊन त्याच भागात परत सोडा, रेबीजवाली किंवा अंगावर येणारी सोडू नका, खायला घालायला जागा ठरवून द्या. अकरा दिवसांत बदललेली ऑर्डर, पण माझ्याच बिल्डिंगच्या ग्रुपवर दिवाळीपर्यंत पहिलीच फिरत होती आणि त्यावरून दोन शेजाऱ्यांचं बोलणं बंद झालं ते बंदच आहे.

अटकेचं खरं आहे, पण अर्धं. ६ नोव्हेंबर २०२५ चा निकाल, आपल्या वरळीच्या हिट अँड रन केसमधूनच गेलेला. अटकेची कारणं लेखी द्यायची, त्या माणसाला कळेल अशा भाषेत द्यायची, आणि हे कुठल्याही गुन्ह्याला लागू, नुसतं ईडीच्या केसेसना नाही. पण प्रत्येक वेळी जागच्या जागी कागद हवाच असं कोर्ट म्हणत नाही. पोलिसांच्या डोळ्यासमोर मारामारी चालू असेल तर आधी टाइप करून आणतो थांबा असं होणार नाही ना. तेव्हा तोंडी सांगायचं, आणि रिमांडसाठी मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायच्या किमान दोन तास आधी लेखी द्यायचं. नाही दिलं तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा. माणूस सुटला तरी गुन्हा मात्र तसाच राहतो, लोक इथे फसतात, सुटला म्हणजे केस संपली असं धरून चालतात.

याच्याच जवळचं एक. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस आधी हजर राहायची नोटीस देतात, पूर्वीचं ४१-अ, आता नवीन बीएनएसएसचं, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचं, कलम ३५. ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर चालत नाही असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आणि हरयाणा सरकारने बदल मागितला तर तो पण दिला नाही. आता तुम्ही म्हणाल मघाशी तर चेकच्या समन्सला मेसेज चालतो म्हणालात. बरोबर, कारण समन्स कोर्टाचं असतं आणि नोटीस पोलिसांची, आणि पोलिसांच्या नोटीसला गेला नाहीत तर थेट अटक होऊ शकते, म्हणून तिथे कोर्ट जास्त कडक. म्हणून कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर शिक्का मारलेली नोटीस पाठवून व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवत असेल तर फोन ठेवा आणि सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, लावा. डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट कुठल्याच कायद्यात नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने या फसवणुकीचा तपास सीबीआयकडे दिलाय, एवढं ते वाढलंय. बहुतेक म्हातारी माणसंच सापडतात, तुमच्या बाबांना पण सांगून ठेवा.

नवीन फौजदारी कायद्यांचं मी फार सांगत नाही. १ जुलै २०२४ पासून ४२० चं ३१८ झालं, ३०२ चं १०३ झालं, आम्ही अजून कोर्टात जुने आकडे बोलतो आणि जज साहेब पण हसून जुनेच बोलतात. एवढंच लक्षात ठेवा की घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर तिला जुना आयपीसीच लागतो, एफआयआर नंतर झाला तरी.

ओसीचं. हा निकाल १७ डिसेंबर २०२४ चा, मेरठच्या एका अनधिकृत बांधकामाचा. त्यात कोर्टाने देशभरासाठी सूचना दिल्या की कम्प्लिशन किंवा ऑक्युपेशन सर्टिफिकेट बघूनच लाईट, पाणी, ड्रेनेजची कनेक्शनं द्यायची, बँकांनी पण ते बघूनच लोन द्यायचं, बिल्डरने मंजूर प्लॅन साईटवर लावायचा. यात कुठेही असं नाही की उद्या सकाळी महावितरणचा माणूस येऊन तुमच्या वीस वर्षं जुन्या बिल्डिंगचं मीटर काढणार. पण नवीन घर घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला याचा चटका बसतो, लोनच्या वेळी बँकेचा वकील ओसी मागतो आणि व्यवहार अडतो, माझ्याकडे अशा फायली आहेत.

तुम्ही आधी सोसायटीच्या सेक्रेटरींकडून एक गोष्ट बघून घ्या, बिल्डिंगचा प्लॅन मंजूर होता, सीसी (बांधकाम सुरू करायची परवानगी) होती आणि फक्त ओसी राहिलीय, की मुळात परवानगीच नव्हती. ठाण्यात पहिल्या प्रकारच्या बिल्डिंगी खूप, बिल्डरने महापालिकेचे पैसे भरले नाहीत, एखादी बाल्कनी वाढवली आणि पळाला. त्याच्यावर मार्ग निघतो, वेळ आणि पैसा लागतो पण निघतो. दुसरा प्रकार वाईट. दिघ्याच्या ९९ अनधिकृत बिल्डिंगींचं काय झालं आपण बघितलंय. डोंबिवलीकडे बनावट परवानग्या दाखवून महारेराचा (बिल्डरांचे प्रोजेक्ट नोंदवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा) नंबर मिळवलेल्या ६५ बिल्डिंगी पाडा म्हणून हायकोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं. रेराचा नंबर होता हो, लोकांनी तोच बघून पैसे दिले. रेराचा नंबर म्हणजे प्रोजेक्टची नोंद झाली, परवानगी खरी आहे याची गॅरंटी नाही, महापालिकेत जाऊन ती परवानगी त्यांनीच दिलीय का हे विचारावंच लागतं. आणि जून २०२५ मध्ये शीळच्या अनधिकृत बिल्डिंगी पाडायच्या आदेशाविरुद्ध घर घेणारे सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, तिथेही दिलासा नाही.

इथे लोक मला नोव्हेंबर २०२४ चा बुलडोझरचा निकाल दाखवतात, पंधरा दिवसांची नोटीस दिल्याशिवाय पाडता येत नाही म्हणून. खरंय, नोटीस, सुनावणी, कारणांसह ऑर्डर, सगळं लागतं. पण त्याच निकालात लिहिलंय की रस्ता, फुटपाथ, रेल्वेलाईन, नदीकाठ असल्या जागेवरच्या बांधकामांना आणि जिथे कोर्टानेच पाडायचा आदेश दिलाय तिथे हे लागू नाही. शीळ आणि डोंबिवली दोन्हीकडे आदेश कोर्टाचाच.

यातच गावठाणातल्या रूम. कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीत नोटरी केलेल्या स्टॅम्पपेपरवर रूम घेणारे अजून आहेत, पूर्वी १०० च्या, २०२४ च्या ऑक्टोबरपासून ५०० च्या, एवढाच फरक पडलाय. पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, करारनामा, पैसे मिळाल्याची पावती, जोडीला मृत्युपत्र, असा सगळा गठ्ठा करून दिला तरी मालकी होत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०११ ला सांगितलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या दोन भावांच्या भांडणात परत तेच सांगितलं. रजिस्टर्ड सेल डीड नाही तर मालक नाही. कोणी शेजारी घ्यायला निघाला असेल तर थांबवा.

आता मामांचं. यात मी जरा थांबणार, कारण घणसोली ते बेलापूर पट्ट्यात घराघरात हेच चाललंय. सिडकोने जमीन घेतली, बदल्यात साडेबारा टक्क्यांनी प्लॉट द्यायचं ठरलं, प्लॉट मिळेपर्यंत आजोबा गेले, वारस म्हणून मामांनी स्वतःची नावं लावली आणि बहिणींच्या सह्या घेतल्या किंवा घेतल्याच नाहीत. तेव्हा जमिनीला कोणी विचारत नव्हतं, आता बिल्डर प्लॉट मागतो तेव्हा बहिणी आठवतात.

मुलींना हक्क नाही ही बातमी कुठून आली ते सांगतो. मुंबई हायकोर्टाचा ऑक्टोबर २०२४ चा निकाल आहे. त्या केसमधला बाप १९५२ साली वारलेला, मागे बायको आणि मुली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या आधीच तो गेल्यामुळे आणि विधवा बायको हयात असल्यामुळे मुलीला वारसा येत नाही, १९३७ च्या कायद्याप्रमाणे जे काय येतं ते बायकोला, असं कोर्टाने म्हटलं. बस. १९५६ च्या आधी गेलेल्या माणसाबद्दलचा हा निकाल, पण बातमीचं हेडिंग झालं "मुलींना वडिलांच्या संपत्तीत हक्क नाही" आणि नवी मुंबईतल्या प्रत्येक मामाने ते स्टेटसला ठेवलं.

तुमच्या आईला लागू होतो तो ११ ऑगस्ट २०२० चा विनीता शर्मा निकाल, तीन न्यायाधीशांचा. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलगी जन्मानेच मुलाइतकी हिस्सेदार, तिचं लग्न झालेलं असो नसो, आणि ९ सप्टेंबर २००५ ला म्हणजे कायदा बदलला त्या दिवशी वडील हयात असले पाहिजेत अशी अटही नाही. मामा म्हणत असतील की वाटण्या तोंडी आधीच झाल्यात, तर २० डिसेंबर २००४ च्या आधीची वाटणी रजिस्टर्ड कागदाने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली असेल तरच ती सहसा टिकते, नुसतं तोंडी झालं म्हणून चालत नाही, त्याला सातबारा-फेरफारासारखा पक्का सरकारी आधार लागतो. आणि जमीन आजोबांची स्वतः कमावलेली असेल आणि ते १९५६ नंतर मृत्युपत्र न करता गेले असतील तर तिथे विनीता शर्माची गरजच नाही, बायको, मुलगे, मुली सगळ्यांना सारखा वाटा, हे १९५६ पासूनच आहे.

मग अडतं कुठे? हक्कसोड पत्रावर. आईला विचारा कधी सब-रजिस्ट्रार ऑफिसला जाऊन सही-अंगठा दिलाय का. बहिणी भावाच्या प्रेमापोटी किंवा माहेर तुटेल म्हणून सही करतात, मी त्याला नावं ठेवत नाही, माझ्या आत्यांनीही केलीय. पण रजिस्टर्ड हक्कसोड असेल तर ते रद्द करायला फसवणूक झाली वगैरे सिद्ध करावं लागतं, तेही फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावून, आणि ते अवघड. साध्या कागदावर सही असेल तर स्थावर मिळकतीतला हक्क तेवढ्याने सुटत नाही. आजोबांच्या मृत्यूची तारीख, जमिनीचे जुने सातबारा-फेरफार आणि आईच्या सह्यांचे कागद, हे तीन घेऊन वकिलाकडे जा, निकालाचं कात्रण नको.

बाकी किरकोळ. कोणाचा टेम्पो असेल तर नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या बेंचने सांगितलंय की ७,५०० किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं, लायसन्स चालतं, तेवढ्यावरून इन्शुरन्स कंपनी क्लेम नाकारू शकत नाही. चार लेबर कोड (नवे कामगार कायदे) २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेत, रबाळे-महापेच्या कंपन्यांत फिक्स्ड टर्मवर (ठरावीक मुदतीच्या करारावर) असलेल्यांना एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आलाय, तुमच्यात कोणी असेल तर विचारून घ्या. आणि एक निकाल आम्ही वकील मोठ्याने सांगत नाही, मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की वकिलावर ग्राहक कोर्टात केस होत नाही. तेव्हा वकील निवडतानाच नीट बघा.

आता बाबांचं, तुमचा खरा प्रश्न हाच आहे असं मला वाटतं, बाकीचं त्याच्याभोवती विचारलंत.

२ जानेवारी २०२५ चा उर्मिला दीक्षित निकाल. मध्य प्रदेशातल्या एका आईने २०१९ ला मुलाला रजिस्टर्ड गिफ्ट डीड करून दिलं, पुढे मुलगा बघेना. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे, सांभाळायच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही तर तो व्यवहार फसवणुकीने झाला असं धरून रद्द करता येतो. ट्रिब्युनलने रद्द केलं, अपिलात टिकलं, पण हायकोर्टाच्या दोन न्यायाधीशांच्या बेंचने फिरवलं, का तर डीडमध्ये सांभाळायची अट लिहिलेलीच नाही. सुप्रीम कोर्टाने ते परत आईच्या बाजूने केलं, हा कायदा म्हाताऱ्या माणसांच्या भल्याचा आहे, तो तसाच सढळपणे वाचला पाहिजे, आणि ट्रिब्युनल घराचा ताबाही परत द्यायला सांगू शकतं म्हणाले.

ग्रुपवर एवढंच येतं. पण डिसेंबर २०२२ मध्ये याच सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या एका आईच्या केसमध्ये उलटं म्हटलंय, सांभाळायची अट होती हेच कुठे दिसत नाही, मग रद्द नाही. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले की कळतं फरक कशाने पडला. उर्मिला दीक्षितच्या मुलाने त्याच सुमाराला एक वचनपत्र लिहून दिलं होतं, आईवडिलांना शेवटपर्यंत सांभाळीन, नाही सांभाळलं तर त्यांना गिफ्ट परत घ्यायचा अधिकार. मुलगा म्हणाला ते खोटं आहे, पण कोर्टाने ते आणि डीड एकत्र वाचलं.

आपल्याकडे गोची अशी की मुलामुलीला राहतं घर गिफ्ट करायला स्टॅम्प ड्युटी नावाला २०० रुपये, वरचा सेस काय तो वेगळा, म्हणून लोक धडाधड गिफ्ट करतात आणि एजंट त्याच्या कॉम्प्युटरमधला ठरलेला मजकूर काढून देतो, "नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी". त्यात सांभाळायची ओळ नसतेच. माझ्याकडे कोणी आलं तर मी ती ओळ घालतोच आणि मुलगा समोर बसलेला असतो त्याचा चेहरा बघतो, बरंच कळतं.

बाबांचा अर्ज प्रांत ऑफिसला जाईल, ज्येष्ठ नागरिकांचं ट्रिब्युनल तिथेच असतं. निर्वाह भत्ता पण मागता येतो, महिना १० हजारांपर्यंत, आणि त्या मागणीवर नोटीस लागल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावा असं कायद्यात आहे, प्रत्यक्षात जास्त लागतात. एक स्पष्ट सांगतो, राग मानू नका. अर्ज बाबांचा हवा, बाबांच्या सहीने, बाबांना हवा असेल तरच. बाबा स्वतः जाऊ शकत नसतील तर तुम्हाला अधिकार देऊ शकतात, पण बहिणीने भावाशी प्रॉपर्टीचं भांडण म्हाताऱ्याच्या नावाने लावलंय असा वास ट्रिब्युनलला आला की प्रकरण तिथेच मंद होतं. आणि बाबा ऐनवेळी म्हणाले की जाऊ दे माझाच मुलगा आहे, तर तुमचे सगळे निकाल बॅगेतच राहतात, हे मी चार-पाच वेळा तरी बघितलंय.

तेव्हा बाबांजवळ निवांत बसा आणि विचारा, गिफ्ट केलं त्या वेळी भावाने काही लिहून दिलं होतं का, साधी चिठ्ठी, मेसेज, मामांसमोर घरात बसून केलेला कागद. ते नसेल तर रजिस्ट्रेशनच्या दिवशी साक्षीदार म्हणून कोणी सह्या केल्या ती नावं काढा आणि त्यांच्यासमोर काय बोलणं झालं होतं ते आठवतंय का विचारा. डीडची इंडेक्स टू (रजिस्ट्रेशनच्या नोंदीचा उतारा) आणि पूर्ण कॉपी काढून ठेवा. हे सगळं उद्या-परवा. आज मात्र मिस्टरांना तो बँकेचा मेमो शोधायला सांगा आणि त्यावरची तारीख बघा.